‘फुकट’ कोर्सचे 832 डॉलर 75 सेंट : ओहायोतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची ही हकीकत. नावं बदलली आहेत. शाळा आणि कॉलेज ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. या प्रकरणात माझे पाय दोन डगरींवर होते. एकीकडे मी या कुटुंबाचा जुना मित्र, दुसरीकडे त्यांच्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, आर्थिक सल्लागार समितीतला एक नागरिक. शेवटी जे बिल या घरात आलं, ते ज्या नियमाखाली आलं तो ‘सर्वांना सारखाच लावा’ असं बोर्डाला सुचवणाऱ्यांत मीही होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या मतांतून तेवढं वजा करून वाचता येईल.

महेश आयटीत, एच-1बी व्हिसावर. त्याची बायको शलाका एच-4 वर, म्हणजे अशा नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर. मुलगा ईशान नवव्या वर्षी नाशिकहून इथे आला, धाकटी बहीण तेव्हा अगदी लहान होती. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे वेगळं सांगायला नको. त्याचा इथे संबंध एवढाच, की एच-4 वरच्या मुलाला फेडरल आर्थिक मदत मिळत नाही. पेल ग्रँट नाही, सरकारी कर्जही नाही. त्यामुळे कॉलेजचा जो खर्च आधीच टळेल तो सोन्याचा, हे महेशचं गणित चूक नव्हतं.

ते टाळण्याचा रस्ता म्हणजे ‘कॉलेज क्रेडिट प्लस’, बोलीत सीसीपी. हायस्कूलच्या मुलांनी कॉलेजचे कोर्स घ्यावेत ही कल्पना राज्याच्या कायद्यात पहिल्यांदा आणली मिनेसोटाने, 1985 मध्ये. ओहायोत तशी योजना 1989 मध्ये आली आणि 2015-16 पासून तिची जागा सीसीपीने घेतली. सातवी ते बारावीचा कुणीही पात्र विद्यार्थी राज्यातल्या सरकारी कॉलेजात कोर्स घेऊ शकतो, आणि तो कोर्स दोन्हीकडे मोजला जातो. तीन क्रेडिटचा एका सेमिस्टरचा कॉलेज कोर्स म्हणजे हायस्कूलचं पूर्ण वर्षाचं एक युनिट. सरकारी शाळेतल्या मुलाला ट्यूशन फी नाही, आणि नेमलेली पुस्तकंही डिस्ट्रिक्ट देतं.

नाशिकच्या आजींना फोनवर हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे दहावी झाली की पोरं कॉलेजातच जातात, अकरावीच्या पोराने कॉलेजात जाण्यात कसलं कौतुक! ‘ट्यूशन माफ’ म्हटल्यावर मात्र त्या काळजीत पडल्या: “अरे, मग त्याचा क्लास कोण घेणार?”

पैसे कुणाच्या खिशातून जातात

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे आणि पालकांच्या माहिती-सभेत याबद्दल एक वाक्यही बोललं जात नाही.

कॉलेज फुकट शिकवत नाही. राज्य सरकार कॉलेजला पैसे देतं आणि ते डिस्ट्रिक्टला मिळणाऱ्या राज्य अनुदानातून कापून घेतं. दर ठरतो तो कोर्स कुठे आणि कोण शिकवतं यावर. कॉलेजात जाऊन किंवा ऑनलाइन घेतला, तर या प्रकरणाच्या काळात एका क्रेडिटला कमाल 166.55 डॉलर. कॉलेजचा प्राध्यापक शाळेत येऊन शिकवत असेल तर त्याच्या निम्मे. शाळेचीच शिक्षिका शाळेच्याच वर्गात शिकवत असेल तर पाव, म्हणजे 41.64. कमाल दरामागचा हिशोब सोपा आहे: दरडोई पायाभूत रक्कम 6,020 डॉलर, तिचे 83 टक्के, भागिले वर्षाची 30 क्रेडिट्स. कागदावर तरी उरलेले 17 टक्के शाळेकडे राहतात.

इंग्रजी कॉम्पोझिशनचा तीन क्रेडिटचा कोर्स 24 मुलं घेतात असं धरा. सगळी कॉलेजात गेली तर डिस्ट्रिक्टचे 11,991.60 डॉलर जातात. शाळेतल्या शिक्षिकेने शिकवला तर 2,998.08. शिक्षिकेचा पगार दोन्ही वेळा द्यावाच लागतो. मुलं गेली म्हणून वर्गाचे दिवे, बस किंवा इमारतीचं कर्ज कमी होत नाही.

यात आणखी एक गाठ आहे. ओहायोच्या शाळा मालमत्ता करावर फार टेकलेल्या आहेत. 1997 मध्ये डीरॉल्फ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, पुढे पुन्हा तोच निकाल दिला, तरी टेकणं सुटलेलं नाही. ज्या उपनगरात घरांच्या किमती चढ्या, तिथे राज्याचं अनुदान कमी, कारण ‘तुम्ही स्वतः उभे करू शकता’. सीसीपीची कपात मात्र सर्वांना एकाच दराने. त्यामुळे आमच्यासारख्या डिस्ट्रिक्टला एखाद्या मुलामागे राज्याकडून मिळतं त्याहून जास्त त्याच मुलामागे कापलं जाऊ शकतं. भरपाई कुठून? लेव्हीतून, म्हणजे मतदारांकडे वाढीव करासाठी मत मागून. ज्यांची मुलं शिकून केव्हाच बाहेर पडली, ते शेजारी हो म्हणतील तेव्हा.

पहिला निर्णय : वसंत 2022

ईशान दहावीत होता, गणितात दोन वर्षं पुढे. काउन्सेलर बाईंनी फेब्रुवारीत सभा घेतली. 1 एप्रिलच्या आत ‘भाग घेण्याचा इरादा आहे’ असं लेखी द्यायचं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: कुटुंबाला खर्च शून्य. महेशने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला.

समोर तीन वाटा होत्या.

एक, शाळेतलेच एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कोर्स, म्हणजे शाळेत शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. वर्षभर शिकायचं आणि मे महिन्यात एक परीक्षा. 2022-23 मध्ये एका परीक्षेची फी होती 97 डॉलर, ती कुटुंबाने भरायची. ओहायोच्या सरकारी विद्यापीठांत पाचपैकी तीन गुणांपासून क्रेडिट मिळतं. परीक्षा बिघडली तर क्रेडिट जातं, पण कॉलेजच्या कुठल्याही कागदावर त्याची नोंद राहत नाही.

दुसरी, शाळेतच मिळणारा सीसीपी वर्ग. ही सगळ्यात सुटसुटीत, पण त्या वर्षी बंद पडलेली. आमच्या शाळेत कॉम्पोझिशन शिकवणाऱ्या बाईंकडे मास्टर्स होती, पण शिक्षणशास्त्राची. कॉलेज मागत होतं त्या विषयातली मास्टर्स, किंवा दुसऱ्या विषयातली मास्टर्स आणि वर इंग्रजीतली 18 पदव्युत्तर क्रेडिट्स. बाई वीस वर्षं उत्तम शिकवत होत्या, हे त्या हिशोबात बसत नव्हतं.

तिसरी, कम्युनिटी कॉलेजात जाणं. गाडीने पंचवीस मिनिटं. बस नाही, पेट्रोल आपलं.

काउन्सेलर बाईंचा कल एपीकडे होता. महेशला संशय आला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. एपी घेतलं तर कुटुंबाला 97 डॉलर लागतात आणि शाळेला जवळजवळ काही नाही, कारण वर्ग चालूच आहे. कॉलेजात गेला तर कुटुंबाला शून्य आणि शाळेला तीन क्रेडिटचे 499.65. कुटुंबाला जे स्वस्त ते शाळेला महाग. बाई खोटं बोलत नव्हत्या. एपीची त्यांची कारणं खरी होती आणि पुढे तीच खरी ठरली. पण आपल्या शिफारशीमागे शाळेचाही हिशोब आहे हे त्या उघडपणे बोलल्या असत्या, तर महेशने त्यांची बाकीची कारणंही ऐकली असती. ते झालं नाही. मनात एकदा ‘यांना आपले पैसे वाचवायचेत’ बसलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

महेशला खरं तर वर्षाला 30 क्रेडिट्स हवी होती. ओळखीतल्या एका मुलीने हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर असोसिएट (कॉलेजची दोन वर्षांची) पदवीही घेतली होती. 30 ची मर्यादा आहे खरी, पण त्यातून शाळेत घेतलेल्या प्रत्येक युनिटमागे तीन वजा होतात. ईशानला शाळेतले चार विषय हवेच होते, ऑर्केस्ट्रा धरून. चार त्रिक बारा, उरली अठरा. शेवटी चौदा ठरली: शरद सत्रात कॉम्पोझिशन 1 आणि मानसशास्त्र, वसंत सत्रात कॉम्पोझिशन 2 आणि पाच क्रेडिटचं कॅल्क्युलस 1.

हे ठरवताना घरात चर्चा झाली ती किती क्रेडिट्स, याची. कोणत्या विषयाची आणि पुढे कशाला लागणार, याची झाली नाही. मीही तो प्रश्न विचारला नाही.

अडचण

शरद सत्र छान गेलं. कॉम्पोझिशनला ए, मानसशास्त्राला बी.

जानेवारी 2023 मध्ये कॅल्क्युलस सुरू झालं, सकाळी आठला. सोळा वर्षांचा पोरगा बर्फात गाडी काढून जायचा आणि साडेदहापर्यंत शाळेत परत. पहिल्या परीक्षेत 68. मग एका आठवड्यात ऑर्केस्ट्राची स्पर्धा आणि कॉलेजात नेमका चेन रूल एकाच वेळी आले. कॉलेजची वसंत सुट्टी आणि शाळेची वसंत सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यांत. त्यामुळे त्याला खरी सुट्टी कधीच मिळाली नाही, आणि त्या दोन आठवड्यांत अभ्यासाची घडीही बसली नाही. दुसऱ्या परीक्षेत 41.

घरी हे कुणाला कळलं नाही. शाळेच्या पोर्टलवर रोजचे गुण शलाकाच्या फोनवर दिसायचे, त्यामुळे आपलं लक्ष आहे असं तिला वाटत होतं. कॉलेजचे गुण त्या पोर्टलवर येतच नाहीत. सेमिस्टर संपल्यावर फक्त शेवटची श्रेणी येते. 41 चं तिला कळलं ते कपडे धुताना, जीन्सच्या खिशातून घडी केलेला पेपर निघाला तेव्हा. मुलगा लबाड नाही. त्याला सांगता आलं नाही, एवढंच.

तिने रात्री प्राध्यापकांना मेल केली. सकाळी नम्र उत्तर आलं: विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय मी आपल्याशी याबद्दल बोलू शकत नाही. 1974 चा फेर्पा कायदा सांगतो की मूल कॉलेजात दाखल झालं की त्या कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, मग वय सोळा का असेना. शलाका चिडली. “गाडीचा विमा माझ्या नावावर, आणि गुण विचारायचा मला अधिकार नाही?”

पर्याय तपासताना

मंगळवारी संध्याकाळी महेशचा फोन आला. कोर्स सोडण्याची कॉलेजची शेवटची तारीख शुक्रवारी होती. सुरुवातीच्या साधारण दोन आठवड्यांत सोडला असता तर कुणालाच काही भुर्दंड नव्हता. ती मुदत जानेवारीतच गेली होती. आता सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, डब्ल्यू (‘विथड्रॉन’, कोर्स सोडला) लागणार, आणि कोर्स पूर्ण न केल्याबद्दल डिस्ट्रिक्ट आपण भरलेले पैसे कुटुंबाकडून मागू शकणार. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना यातून सूट आहे. हे कुटुंब त्यात बसत नव्हतं. मागायचे की नाही हे डिस्ट्रिक्टवर असतं. आमचं पूर्वी कधी मागायचं, कधी सोडून द्यायचं. कुणाची ओळख कुठे, यावर ते जातंय असं दिसल्यावर समितीने सरसकट मागा असं सुचवलं, बोर्डाने ते मानलं. त्याला एक वर्षही झालं नव्हतं.

मी पाकिटाच्या मागे आकडे मांडले. सोडला तर 166.55 गुणिले 5, म्हणजे 832.75 डॉलर, वर पुस्तकाच्या ऑनलाइन कोडचे पैसे. चालू ठेवून डी मिळाला तर शून्य, कारण डी म्हणजे पास, आणि वसुली नापासाची होते. ओहायोच्या सरकारी विद्यापीठांत सामायिक अभ्यासक्रमातलं डीचं क्रेडिटही हस्तांतरित होतं. मी म्हणालो, “चालू ठेवू दे. साडेआठशे डॉलर कशाला घालवतोस?”

हा सल्ला चुकीचा होता. खटकतं ते हे, की तो मी आकडेमोड करून दिला होता.

बुधवारी काउन्सेलर बाईंनी दुसरी आकडेमोड दाखवली. ईशान कॉम्पोझिशन 2 मध्ये पुन्हा ए मिळवेल असं धरलं, तर कॅल्क्युलस वगळून नऊ क्रेडिट्सची सरासरी चारपैकी 3.67. पाच क्रेडिटचा डी आत आला की चौदांची सरासरी 2.71. आणि ही हायस्कूलची सरासरी नाही, कॉलेजची आहे. उद्या पदव्युत्तर प्रवेशाला किंवा मेडिकलला अर्ज केला तर सोळाव्या वर्षीचं हे ट्रान्स्क्रिप्टही जोडावं लागतं. शिवाय मुलाला इंजिनीअरिंगला जायचंय. तिथे डीचं क्रेडिट ‘आलं’ म्हणतील, पण कॅल्क्युलस 2 ला बसू देताना सीच्या आसपासची श्रेणी मागतील. मग कोर्स पुन्हा करावाच लागणार, आणि डी मात्र कागदावर तसाच.

तिसरी शक्यताही खोटी नव्हती: नेटाने सी काढणं. प्रत्येक परीक्षा 20 टक्के, अंतिम 30, गृहपाठ 10. पहिल्या दोन परीक्षांचे मिळून 21.8, गृहपाठाचे 9, एकूण 30.8. सीसाठी 70 लागतात. म्हणजे उरलेल्या 50 पैकी 39 हून थोडे जास्त. सरासरी 78 टक्के. ज्याने आत्ताच 41 मिळवलेत त्याने. अशक्य नाही, पण ऑर्केस्ट्रा, एपी फिजिक्स आणि कॉम्पोझिशन 2 सांभाळून?

मला यात सर्वांत बोचतं ते असं: नियमाची रचनाच मुलाला चुकीकडे ढकलते. वेळीच ओळखून जो बाजूला होतो त्याला बिल. जो ओढत राहून डी घेतो त्याला बिल नाही, पण त्याच्या ट्रान्स्क्रिप्टला कायमचा डाग. डिस्ट्रिक्टचे पैसे दोन्ही वेळा गेलेलेच असतात. समितीत आम्ही ‘सर्वांना सारखं’ म्हणताना हे बोललोच नव्हतो.

काय केलं

गुरुवारी ईशान एकटा प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन भेटला. ही सूचना काउन्सेलर बाईंची. आईशी न बोलू शकणारे प्राध्यापक मुलाशी चाळीस मिनिटं बोलले. ‘जमेल की नाही’ याचं उत्तर त्यांनी दिलं नाही; फळ्यावर चार गणितं दिली आणि सोडव म्हणाले. त्याला दीड आलं. चौथ्याला काय विचारलंय तेच कळलं नाही, असं त्याने घरी स्वतःहून सांगितलं.

तरी तो सोडायला तयार नव्हता. कारण महेशने रागाच्या भरात दोनदा 832 चा उच्चार केला होता. पोराच्या डोक्यात हिशोब उलटा बसला: मी ओढलं तर बाबांचे पैसे वाचतील. शलाकाने रात्री दोघांना समोरासमोर बसवलं. महेश फार बोलणारा माणूस नाही. “पैशाचं माझ्याकडे सोड, तू सांग, उद्यापासून तुला रोज काय करायचंय?” एवढंच त्याने विचारलं. मुलगा म्हणाला, झोपायचंय.

रात्री साडेअकराला कोर्स सोडला. काउन्सेलर बाईंना तसं कळवलं.

जूनमध्ये डिस्ट्रिक्टचं बिल आलं. महेशने मला फोन केला: “समितीवर आहेस ना, एक शब्द टाक की.” मी नाही म्हणालो. सल्लागार समितीला वैयक्तिक बिलांत हात घालता येत नाही हे खरं, आणि घालता आला असता तरी घातला नसता हेही खरं. हप्ते करून मिळतात का ते ट्रेझरर ऑफिसला विचार, एवढं सांगितलं. चार हप्ते मिळाले. त्या वर्षी त्यांच्या गणपतीला आम्ही गेलो, आरती झाली, प्रसाद मिळाला. गप्पा मात्र आखूडच राहिल्या.

निष्पत्ती

बारावीत ईशानने कॅल्क्युलस शाळेतच घेतलं, एपी. परीक्षेची फी 98 डॉलर झाली होती. चार गुण मिळाले आणि कॅल्क्युलस 1 चं क्रेडिटही. सीसीपीतून त्याने त्या वर्षी अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषणकला असे तीन कोर्स ऑनलाइन केले. एकूण 18 क्रेडिट्स, सरासरी उत्तम, मध्ये एक डब्ल्यू. त्या डब्ल्यूबद्दल त्याला कुणीही काही विचारलं नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये तो राज्यातल्याच एका सरकारी विद्यापीठात इंजिनीअरिंगला गेला.

किती वाचले? इथे महेशच्या मूळ गणितातली दुसरी भेग दिसली. 18 च्या 18 क्रेडिट्स विद्यापीठाने स्वीकारली. पण स्वीकारणं वेगळं आणि पदवीत लागू होणं वेगळं. इंजिनीअरिंगला सामान्य शिक्षणाचे जेवढे विषय लागतात त्यात काही बसले, काही नुसते ‘ऐच्छिक’ म्हणून लटकले. पदवीची लांबी ठरते ती एकामागे एक अडकलेल्या विषयांनी: कॅल्क्युलस, मग फिजिक्स, मग त्यावरचे विभागाचे कोर्स. मानसशास्त्र आधी झालं म्हणून ती साखळी आखूड होत नाही.

आणि फीचं काय? ओहायोच्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत 12 ते 18 क्रेडिट्सपर्यंत पूर्णवेळ विद्यार्थ्याची ट्यूशन एकच असते. सत्रात 16 ऐवजी 13 घेतली तरी बिल तेवढंच. आधी मिळवलेल्या क्रेडिट्सनी पैसे वाचतात ते एक अख्खं सेमिस्टर गळून पडलं तरच. ईशानचं पडेल का, हे अजून नक्की नाही; उन्हाळ्यात एक-दोन कोर्स घेतले तर कदाचित. मोकळी सत्रं आणि विषयनिवडीत वरचा नंबर हा फायदा मात्र झाला, कारण नोंदणीचा क्रम हातातल्या क्रेडिट्सवर लागतो. तो खूश आहे. महेश अजून वही उघडून बसतो.

या मुलासाठी सर्वांत उपयोगाचं ठरलेलं क्रेडिट 98 डॉलरच्या परीक्षेतून आलं, ‘फुकट’ कोर्सातून नाही. दुसऱ्या मुलाचं उलट होऊ शकतं. मानव्यशास्त्राला जाणाऱ्या, परीक्षेच्या एका दिवसाला घाबरणाऱ्या मुलीला मी सीसीपीच सुचवीन.

वेगळं काय करता आलं असतं

घराकडून पाहिलं तर सर्वांत स्वस्त उपाय होता कॉलेजच्या संमतीपत्रावर पहिल्याच दिवशी ईशानची सही. शलाकाला गुण बघायचा हक्क मिळाला असता म्हणून नव्हे. सही करताना ‘इथले गुण शाळेच्या पोर्टलवर दिसत नाहीत’ हे तरी तिला कळलं असतं. दुसरं, दंडाशिवाय सोडण्याची तारीख. 1 एप्रिलची तारीख घरात सर्वांना पाठ होती, कारण ती आत शिरण्याची होती. बाहेर पडण्याची तारीख सभेतल्या कागदांत नवव्या पानावर होती.

पण खरा निर्णय जानेवारीतला नव्हताच, 2022 च्या मार्चमधला होता. पाच क्रेडिटचं, पुढच्या सगळ्या साखळीचं पहिलं कडं असलेलं कॅल्क्युलस कॉलेजच्या वेगाने, तेही अकरावीत घ्यायचं का? त्याच शाळेत त्याच विषयाचा एपी वर्ग, वर्षभराच्या संथ गतीने, उपलब्ध असताना? कॉम्पोझिशन कॉलेजात आणि गणित शाळेत अशी वाटणी तेव्हा सहज करता आली असती. क्रेडिट्स मोजत बसलो आणि विषय पाहायचे राहिले.

शाळेकडून पाहिलं तर सभेतलं ते शून्य. त्याशेजारी एक ओळ हवी होती: डिस्ट्रिक्ट प्रत्येक क्रेडिटला 166.55 भरतं, आणि कोर्स मध्येच सोडला तर ते तुमच्याकडे मागितलं जाईल. मी समितीत हे मांडलं. एका सदस्याचा आक्षेप रास्त होता: किंमत पाहून गरीब घरचं मूल बिचकेल, ज्याला मुळात वसुलीच नाही. मग ओळीखाली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना असलेल्या सवलतीचा उल्लेखही ठेवायचा ठरला. 2024 च्या सभेपासून ते पान बदललं आहे.

वसुलीच्या नियमावर मात्र एकमत झालं नाही. माझी सूचना अशी होती की कॉलेजच्या मुदतीत, काउन्सेलरशी बोलून सोडणाऱ्याकडून निम्मेच घ्यावेत, म्हणजे डीकडे ढकलणारा उतार तरी कमी होईल. ट्रेझरर म्हणाले, कपात पूर्ण होते, निम्मी होत नाही. उरलेले निम्मे कुठून आणू? लेव्हीच्या वर्षी त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम आहे तसाच आहे.

एक गोष्ट झाली. कॉम्पोझिशनच्या त्या बाईंनी दोन उन्हाळे आणि मधल्या वर्षाच्या संध्याकाळी खर्चून इंग्रजीतली 18 पदव्युत्तर क्रेडिट्स पूर्ण केली. फीचा काही भाग डिस्ट्रिक्टने उचलला. ईशान कॉलेजात गेला त्याच ऑगस्टमध्ये शाळेतला वर्ग परत सुरू झाला, क्रेडिटला 41.64 दराने. शलाकाची धाकटी तेव्हा सातवीत पोहोचली होती, म्हणजे कायद्याने पात्र. तिच्या नावाचं सीसीपीचं पत्र शलाकाने मागून पुढे वाचायला घेतलं, नवव्या पानापासून.